दार आतून उघडत नाही

सगळे जेवायला गेले होते आणि मी तरीही फिरत होते. पहिल्यांदा खटकलं ते एवढंच.

ऐकायला कुणी नसेल तर फीत फिरवत ठेवत नाहीत. साधा नियम आहे. रेकॉर्डिस्ट काका चहाला उठले तरी आधी माझं बटण दाबायचे, मग चपला शोधायचे. त्या दिवशी मात्र काचेमागची खोली रिकामी, खुर्च्या रिकाम्या, बशीत अर्धी सिगरेट धुमसत पडलेली, आणि दारावरचा लाल दिवा चालूच. मी आपली गरगरतेय. मी मुळातच भित्री. यंत्राचा ब्रेक जरा जोरात लागला तरी मला वाटतं, आता तुटले. मला वाटलं, ही माणसं मला विसरून गेली.

विसरून गेली होतीच. पण मला नाही.

मी ध्वनिफीत बोलतेय. पाव इंच रुंद, अडीच हजार फूट लांब अशी प्लास्टिकची पट्टी, आणि तिच्या एका अंगाला चोपडलेला लोखंडाचा गंज. कारखान्यात त्या गंजाला भारदस्त नाव आहे, पण गंज तो गंज. तुमच्याकडे गंज चढला की वस्तू भंगारात जाते. आमच्याकडे गंज चढला की तिला ऐकू यायला लागतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा काय काय मनात होतं! एखाद्या गोड गळ्याची बाई भेटेल, नाहीतर बासरी, अगदीच काही नाही तर शेतीविषयक भाषण. नशिबात आला तो कमांडर.

यंत्रावर मला चढवलं तेव्हा समोर तीन डोकी होती. टेपच्या यंत्राला असतात तशी: एक पुसणारं, एक लिहिणारं, एक वाचणारं. काचेपलीकडे बँडची चार डोकी होती. पुसणं, लिहिणं, वाचणं, यांतलं त्यांना काहीच धड जमत नव्हतं. त्या चौघांतला सिंथेसायझरवाला स्वतःला कमांडर म्हणवून घ्यायचा. अंगात कायम पायघोळ चंदेरी झगा. मैफलीत एक वेळ समजू शकते, पण रेकॉर्डिंगला, जिथे त्याला बघणारं काळं कुत्रंही नाही, तिथेही तो झगा घालून बसायचा. झग्याची सळसळ माझ्यावर उमटायची आणि काकांना ती काढत बसावं लागायचं.

"जरा तेवढा काढून ठेवता का?" काकांनी एकदा भीतभीत विचारलं.

"काका, झगा नसला की मला गुरुत्वाकर्षण जाणवतं," कमांडर म्हणाला.

काकांनी मान डोलावली. निवृत्तीला आलेले काका. ते कशालाही मान डोलवायचे.

दुपारी एकच्या सुमारास बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजायचा. तो उचलायची एक मुलगी. नुकतंच कॉलेज संपवून लागलेली. तिचं काम म्हणजे आम्हा फितींच्या खोक्यांवर लिहिणं: कुठल्या दिवशी काय वाजलं, कितव्यांदा वाजलं, काही बिघडलं का, शेरा काय. अक्षर टपोरं, गोल. म्हणून तिला सगळे "खोके" म्हणायचे. फोनवर कमांडरची आई असायची. "बबड्या जेवला का गं?" ती विचारायची, आणि मुलगी गंभीरपणे सांगायची, "नाही आई, ते अजून यानात आहेत."

तेवढ्यावरून मला ती आवडली.

तिची एक सवय होती. "ए खोके!" अशी हाक आली की ती जिथे असेल तिथून "ओ, आले!" म्हणायची. जिन्यातून, कपाटामागून, तोंडात घास असला तरी. घरची शिकवण असावी. हाक आली की ओ द्यायची, मग काम काय ते विचारायचं. कमांडरला ते अजिबात खपायचं नाही.

"ओ काय, ओ? आपण इथे भविष्यकाळ घडवतोय. अवकाशात कुणी 'ओ' म्हणत नाही. म्हणायचं, 'संदेश पोचला.'"

"बरं," ती म्हणायची. पुढच्या हाकेला पुन्हा "ओ, आले!"

आता त्यांच्या त्या महान कृतीबद्दल सांगते. त्या काळी ज्याच्या हाती सिंथेसायझर लागला तो पृथ्वी सोडून निघालाच म्हणून समजा. माझ्या शेजारच्या खोक्यांतल्या फिती आपापलं दुःख सांगायच्या. एकीवर काचेच्या शहरातले यंत्रमानव, एकीवर सूर्य गिळणारा ढग, एकीवर दर दहा मिनिटांनी जागी होऊन पुन्हा तेच गाणं म्हणणारी गोठवलेली माणसं. सगळ्यांचं गाणं वीस मिनिटांच्या वर. आणि एक गोष्ट मी बघून ठेवलेली: यान चालवायला, ग्रह शोधायला, कॉम्प्युटरशी भांडायला पुरुष. शेवटी सगळं बुडालं की रेडिओवर हाका मारायला एक बाई.

आमच्या तबकडीचं नाव "सातवा चंद्र". पृथ्वी संपलीय. यान निघालंय. यानाचा कॉम्प्युटर दुसऱ्या बाजूवर बावीस मिनिटं वेडा होत राहतो. सगळे मरतात. एक बाई उरते आणि हाका मारत राहते. ही गोष्टसुद्धा कमांडरची नव्हे. रद्दीच्या दुकानातून आणलेल्या एका कादंबरीतून उचललेली. त्या कादंबरीची शेवटची वीसेक पानं गळालेली होती, त्यामुळे त्या बाईला कुणी ओ दिली की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं. पुढे समीक्षकांनी या शेवटाची फार वाखाणणी केली. मुक्त शेवट म्हणे. मुक्त कसला, फाटका!

बाकी अवकाश म्हणाल तर असं होतं: रॉकेटचं उड्डाण म्हणजे संडासाचा फ्लश, निम्म्या वेगाने. यानाचं इंजिन म्हणजे ड्रमवाल्याच्या बहिणीचा केस वाळवायचा पंखा. सातव्या चंद्रावरच्या लोकांची भाषा म्हणजे कमांडर मिठाच्या पाण्याने गुळण्या करताना, उलटा वाजवलेला. हे सगळं माझ्या अंगावर आहे. मी पुरावा आहे.

खोटं कशाला बोलू, चार मिनिटं चांगली होती. पहिल्या बाजूला एक सूर आहे, सिंथेसायझरचा, खालून हळूहळू वर चढत जाणारा. तो वाजला त्या दिवशी खोलीत कुणी हललं नाही, झगाही वाजला नाही, आणि मला खरंच वाटलं की आपल्याभोवती भिंती नाहीत. मग बोल सुरू झाले आणि भिंती परत आल्या.

आता त्या दिवशीचं.

तबकडीची सुरुवात अवकाशातल्या शांततेने करायची असं कमांडरने ठरवलं. दोन मिनिटं, पूर्ण शांतता.

"मग कोरी फीत जोडतो," काका म्हणाले. "झाली शांतता."

"ती मेलेली शांतता, काका. मला जिवंत हवी."

जिवंत शांतता तळघरात मिळेल असं ठरलं. तिथे एकोची खोली होती. रिकामी, चारी भिंतींना फरशा, दार जाड लोखंडी. वरून गाणं स्पीकरने आत सोडायचं आणि ते घुमून मायक्रोफोनने परत घ्यायचं, एवढाच तिचा उपयोग. काकांनी आत मायक्रोफोन लावला. मग कमांडरने हुकूम दिले: ट्यूबलाइट गुणगुणते, ती बंद. पावलांचा आवाज नको, सगळे बाहेर. कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. फीत लावून सगळे जेवायला जा. अर्धा तास शांतता गोळा होऊ दे, त्यातली सर्वांत चांगली दोन मिनिटं निवडू.

शांततेतली चांगली दोन मिनिटं निवडणार होते! माणसं फळवाल्याकडे उभी राहून निवडतात तशी.

निघताना कमांडरच्या लक्षात आलं की खांदे हलके लागतायत. सकाळी तो एकोच्या खोलीत बसून ध्यान करून आला होता, झगा तिथेच राहिला.

"ए खोके, माझा झगा घेऊन ये."

"ओ, आले!" ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

एकोच्या खोलीला एक वळण होतं आणि झगा वळणापलीकडच्या खिळ्याला टांगलेला. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते मला सुरू करून खाली गेले. त्यांना दार सताड उघडं दिसलं. आत एक हाक मारली असती तर? पण आवाज करायचा नाही असं बजावलेलं. म्हणून काकांनी हाक मारली नाही. दार अलगद ओढलं, बाहेरची कडी घातली, बाहेरचंच बटण दाबून दिवा घालवला आणि चवड्यांवर चालत निघून गेले. उभ्या आयुष्यात काकांनी एवढं काटेकोर काम केलं नसेल.

म्हणून त्या रिकाम्या खोलीत मी फिरत होते.

आधी मला कापडाची सळसळ आली. मग फरशीवर चप्पल घासल्याचा आवाज. मग ती, अगदी हळू, जणू देवळात... नाही, जणू परीक्षेच्या हॉलमध्ये बोलावं तसं:

"काका? काका, मी आत राहिलेय."

मग दारावर हाताची थाप. लोखंडाचा बद्द आवाज.

"काका, दार लागलंय. दिवा गेलाय. मला काही दिसत नाहीये."

मग ती चाचपडत मायक्रोफोनपाशी आली. हुशार मुलगी. तिला ठाऊक होतं की तो चालू आहे, आणि काचेमागे कुणी कानाला हेडफोन लावून बसलं असेल तर ऐकेल. म्हणून तिने अदबीने, पाठ केल्यासारखं विचारलं:

"कुणी आहे का? माझा आवाज पोचतोय का?"

पोचत होता. माझ्यापर्यंत पोचत होता. मी तिचा शब्द न् शब्द घेत होते, श्वास घेत होते, आणि मला बोलता येत नव्हतं. फितीच्या जन्माचं हे असं आहे. ऐकायचं, धरून ठेवायचं, आणि कुणीतरी बटण दाबेपर्यंत गप्प बसायचं.

ती आधी दर थोड्या वेळाने विचारत होती. मग लागोपाठ. मध्येच तिने स्वतःला समजावलं, "येतील, येतील, जेवण झालं की येतील." आकडे म्हणून पाहिले, त्र्याऐंशीपर्यंत. मग तिच्या श्वासाची लय बिघडली. आणि माझं शेपूट जवळ आलं असताना, जेव्हा अदब संपली, भीतीही संपली, नुसतं घरी बोलतात तसं बोलणं उरलं, तेव्हा ती म्हणाली:

"कुणीतरी ओ द्या ना."

तिथे मी संपले. रिळावरून सुटले आणि माझं टोक यंत्रावर फटफट आपटत राहिलं.

मंडळी परतली ती दोन तासांनी. मुखपृष्ठावरच्या चंद्राभोवती कडं एक असावं की दोन, यावर जेवताना वाद झाला होता. झगा आणायला कुणाला तरी पाठवलंय, हे कमांडरच्या डोक्यातून त्या कड्यांपायी निघून गेलेलं. काकांनी मला उलटं गुंडाळलं आणि सुरू केलं.

कापडाची सळसळ. चप्पल. "काका?"

काका ताडकन उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक. "अरे देवा! ही तर आपली..."

"श्श्!" कमांडरने हात वर केला. "काका, बसा."

"अहो, ती खाली आहे!"

"दोन मिनिटं. ऐकू तर द्या."

आणि ते बसले हो! काकासुद्धा बसले. माझा यावर अजून विश्वास बसत नाही. खाली एक मुलगी अंधारात बसलीय हे माहीत असताना वर चौघं आणि एक म्हातारा तिच्या हाका ऐकत बसले. अर्धा तास. कमांडर डोळे मिटून. ड्रमवाला म्हणाला, "काटा आला बघ," आणि हात पुढे करून काटा दाखवला. मी संपल्यावर कमांडर म्हणाला, "पुन्हा."

दुसऱ्यांदा अर्ध्यावर असताना काका उठून गेले. ते जिन्यावरून धडधडत उतरल्याचा आवाज मला आला. माणसाने पळावं ते कधी पळावं, याचं काही टिपण असतं तर मी काकांच्या नावापुढे वेळ लिहिली असती. पण टिपणं लिहायची ती तर खाली होती.

ती वर आली. हातात झगा होता, नीट घडी घातलेला. अंधारात बसून तिने घडी घातली होती.

"हा तुमचा झगा," ती म्हणाली.

"खोके, तू काय केलंयस तुला कल्पना नाही!" कमांडर उठून उभा राहिला. "हीच ती! अवकाशातली शेवटची बाई!"

"मी हाका मारत होते."

"हो ना! ऐकल्या आम्ही! दोनदा ऐकल्या!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "ऐकल्यात?" तिने विचारलं.

त्यावर कुणी काही बोललं नाही. जिवंत शांतता हवी होती ना त्याला? ती होती. पण त्या वेळी मी बंद होते.

तिने त्या दिवशीचं काम पुरं केलं. माझं खोकं पुढे ओढलं, टपोऱ्या अक्षरात तारीख घातली. "अवकाशातली शांतता, पहिल्यांदा" असं कमांडरने सांगितलं तसं लिहिलं. मग शेऱ्याची जागा आली. शेऱ्यात बिघाड लिहायचा असतो, म्हणजे दुरुस्ती करता येते. तिने लिहिलं: "दार आतून उघडत नाही." आणि "आतून"च्या खाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. फोन वाजत राहायचा. बबड्या जेवला का, हे सांगायला कुणी उरलं नाही.

तो शेरा कमांडरने वाचला आणि त्याचे डोळे भरून आले. दाराच्या आतल्या बाजूला कडी बसवायला एक सुतार, नाहीतर लोहार बोलवायला हवा, असं त्याला वाटलं असेल का? छे! ते वाक्य त्याने तबकडीच्या वेष्टनावर आतल्या बाजूला, काळ्यावर पांढऱ्यात, एकटंच छापलं. खाली स्वतःची सही.

तबकडीत तिच्या आवाजाची फक्त अकरा सेकंदं घेतली. "कुणी आहे का? माझा आवाज पोचतोय का?" एवढीच. तेवढं दुसऱ्या फितीवर उतरवून, माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या एका डब्यातून काढलं. "काका" कापलं, कारण अवकाशात काका नसतात. "ओ" कापली, कारण अवकाशात कुणी ओ देत नाही. वेष्टनावर छापलं: "आवाज: सातव्या चंद्रावरून."

मी मात्र सबंध राहिले. मला खोक्यात घालून गोदामात उभं केलं. तिथे माझी चाळीसहून जास्त वर्षं गेली.

गोदामात काही दिसत नाही, ऐकू सगळं येतं. एक प्राध्यापक येऊन खोक्याचा फोटो काढून गेले. "दार आतून उघडत नाही" या ओळीवर त्यांचा चाळीस पानांचा लेख होता. दार म्हणजे मानवी जाणीव म्हणे. आतून म्हणजे देहातून. रखवालदार त्यांना म्हणाला, "सर, आमच्या मागच्या दाराचंही तसंच आहे, लाथ मारावी लागते." प्राध्यापकांनी तेही लिहून घेतलं. गोदामाचं मागचं दार अजून तसंच आहे, असं मी जाता जाता सांगून ठेवते.

मग नवी पिढी आली. गिटार गेली, कॉम्प्युटरवरचे ठोके आले, अवकाश मात्र तेच. एके सकाळी रखवालदाराच्या रेडिओवर धाडधाड ठोके सुरू झाले आणि त्यांच्या मधोमध तिचा आवाज: "पोच-पोच-पोचतोय का, पोच-पोच-पोचतोय का." मी अशी दचकले की खोक्यात गुंडाळी सैल झाली. लोक त्यावर नाचत होते म्हणे. निवेदक म्हणाला, "हा आहे संगीतातला पहिला यंत्रमानव." शाब्बास! तिला यंत्र केलं, आता यंत्र म्हणून पहिला नंबरही दिला.

या वर्षांत माझ्या अंगात एक गोष्ट घडत होती. आम्ही फिती घडीवर घडी बसलेल्या असतो. फार वर्षं तशाच राहिलो की एका घडीवरचा आवाज शेजारच्या घडीवर पुसटसा उमटतो. रेकॉर्डिंगवाले याला दोष मानतात. तिच्या पहिल्या हाकेच्या आधीची घडी कोरी होती, नुसती शांतता. आता तिथे तिची हाक उमटलीय, अगदी धूसर. म्हणजे खरी हाक येण्याच्या क्षणभर आधी तिची सावली येते. तिला ओ मिळाली नाही, तर माझ्या अंगावर तिने शेजारच्या घडीला उठवलं.

गेल्या महिन्यात मला गोदामातून काढलं. "सातवा चंद्र" नव्याने निघणार, जाड खोक्यात, पोस्टरसकट. मला एका छोट्या वर्कशॉपमध्ये पोचवलं. तिथे दोनच माणसं: मामा, म्हणजे मालक, आणि त्यांच्या हाताखाली त्यांची भाची. मामा जुन्या फिती बऱ्या करतात. भाची अतिशय दचकरी. फोन वाजला तरी उडते, म्हणून मामा तिला ससा म्हणतात.

"ससे, अगं शिंकलो मी! बॉम्ब नाही पडला!"

"सांगून शिंका ना मामा."

मला ती लगेच जवळची वाटली.

वयोमानाने मी चिकट झाले होते. अशा फितीला आधी भाजतात. थट्टा नाही. फळं वाळवायचं एक यंत्र असतं, त्यात मंद आचेवर आठ तास. माझ्या आधी त्यात सफरचंदाच्या चकत्या होऊन गेल्या होत्या. भाचीने जाळी तीनदा पुसली, तरी मला वास येत होता. भाजल्यावर फीत थोडे दिवस तरतरीत होते, एकदा-दोनदा वाजते. नंतरचा भरवसा नाही. या जन्मात ऐकवायची माझी ती शेवटची संधी, हे मला चकत्यांच्या वासात कळून चुकलं.

आणि आज सकाळी कमांडर आला. झगा नाही, साधा स्वेटर. दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं. ती शिट्टी मारतात म्हणून त्याने बंद ठेवलेली.

"तो आवाज कुणाचा होता, सर?" भाचीने विचारलं. मग मोठ्याने पुन्हा विचारलं.

"कुणाचाच नाही!" तो खुशीत आला. "तीच तर गंमत. त्या दिवशी सूर्यावर वादळ होतं. आम्ही जेवायला गेलो आणि सिंथेसायझरमधून आपोआप आला."

"पण खोक्यावर शेरा कुणी लिहिलाय? अक्षर मुलीचं दिसतंय."

"कुठली मुलगी? ती ओळ माझी आहे, बाळ."

मी चिडले असं नाही म्हणणार. चिडायला समोरच्याबद्दल काही अपेक्षा लागते. मला एवढंच वाटलं की या माणसाने आकाशगंगा पिंजून काढली, दोन कड्यांचे चंद्र उभे केले, आणि एक जिना काही त्याला उतरता आला नाही.

"अकरा सेकंदं तेवढी घ्या," तो मामांना म्हणाला. "बाकी नुसती शांतता आहे. फेकून द्या. तसंही खोकं हवंय, प्रदर्शनात ठेवायला."

"तुमची फीत, तुमची मर्जी," मामा म्हणाले.

"मामा, पण आपली पद्धत आहे ना, डोक्यापासून शेपटापर्यंत उतरवायचं? कोरी असली तरी?"

"ससे, ते सांगतायत ना. चल, आधी जेवून घेऊ, साहेब वाट बघतायत."

माझं खोकं भाचीच्या हातात होतं. तिचा अंगठा "आतून"खालच्या रेघेवरून फिरला. पेन दाबून ओढलेली रेघ, पुठ्ठ्यात अजून खोल आहे.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "एवढं करून येते."

दार लागलं. जिन्यावरून मामांचं बोलणं आणि कमांडरचं "काय? काय?" खाली खाली गेलं.

माझी एकच विनंती आहे, वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही. तुमचे चंद्र तुम्हाला लखलाभ. पण एखादी हाक ऐकून अंगावर काटा आला, तर तो काटा कुणाला दाखवत बसू नका. आधी उठून बघा, कुणी कुठे अडकलंय का.

तिने मला यंत्रावर चढवलं. शेंड्यापासून, अगदी पहिल्या फुटापासून. हेडफोन लावले. लाल दिवा लागला. सगळे जेवायला गेले होते आणि मी फिरत होते.

कापडाची सळसळ, चप्पल, आणि मग हाकेची ती सावली आली. भाचीने भुवया उंचावल्या आणि आवाजाचं बटण थोडं वाढवलं. मग खरी हाक: "काका? काका, मी आत राहिलेय."

ती दचकली. मागे वळून दाराकडे पाहिलं. पुन्हा यंत्राकडे. तिने मला थांबवलं नाही. पुढे सरकून दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. "दिवा गेलाय. मला काही दिसत नाहीये." "येतील, येतील, जेवण झालं की येतील." एक, दोन, तीन. त्र्याऐंशीपर्यंत भाची ओठांनी आकडे मोजत होती, तिच्याबरोबर. तिच्या फोनवर मामांचं नाव दोनदा उजळून विझलं. तिने बघितलंही नाही.

माझं शेपूट जवळ आलं. रिळावर चारच वेढे उरले. तीन. मी, जी साध्या ब्रेकला घाबरते, ती तुटले असते तरी चाललं असतं, पण तिचं शेवटचं वाक्य पोचल्यावर.

"कुणीतरी ओ द्या ना."

खुर्ची मागे कलंडली. हेडफोन टेबलावरून खाली लोंबकळले. ती उभी होती, दाराची कडी एका हातात, आणि जिन्याच्या तळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती:

"ओ! आले, आले!"